फोनवर, व्हिडिओवर की वस्तीत? मुलांना वेळ देण्याआधी

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं. मुंबई-पुण्यातल्या पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ते निघायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्या पावणेदोन वर्षांत ‘आठवड्याचे दोन-तीन तास मी देतो, एखाद्या मुलाला शिकवायचंय’ म्हणणारी खूप माणसं पुढे आली. आजही येतात, आणि पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या संस्थेत जाऊ?’ मला वाटतं, हा प्रश्न दुसरा असावा. मूल किती वर्षांचं आहे, घरातला फोन दिवसभर कुणाच्या खिशात असतो आणि मुलाचं गाडं नेमकं कुठे अडलंय, हे आधी बघावं. कोविडच्या काळात संस्थांनी ज्या वाटा काढल्या त्यांतली कुठलीच सगळ्या मुलांसाठी नाही. कुठल्या वाटेने मुलं किती पुढे सरकली, याचा मात्र बऱ्यापैकी हिशेब आता हाताशी आहे.

फोनचंच घ्या. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचा अंदाज घेणाऱ्या ‘असर’ या पाहणीनुसार २०१८ साली ग्रामीण भागातल्या ३६.५ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये तो ६७.६ टक्के मुलांच्या घरी पोचला. पण अशा घरांतल्याही जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता, आणि मूल जितकं लहान तितकी तो हाती येण्याची शक्यता कमी. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. वडील फोन घेऊन कामावर जातात, रात्री आठला परततात आणि मग दहावीतल्या ताईचा नंबर पहिला लागतो. तिसरीतल्या धाकट्याचा नंबर येईपर्यंत तो झोपलेला असतो.

साधा फोन

म्हणूनच साध्या फोनची वाट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शाळा बंद असताना बोत्स्वानात साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला. काही घरांना आठवड्याला गणिताचे एसएमएस गेले, काहींना एसएमएस आणि सोबत पंधरा-वीस मिनिटांचा एक फोन. नुसत्या एसएमएसने फारसं काही हललं नाही. फोन आलेल्या मुलांचं गणित मात्र मोजण्याइतकं सुधारलं. पुढे भारत, नेपाळ, केनिया, युगांडा आणि फिलिपीन्स इथे हीच पद्धत वापरून पाहिली, तेव्हाही फायदा दिसला. बांगलादेशात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १३ आठवडे खेड्यांतल्या मुलांना आणि त्यांच्या आयांना फोन केले. तिथे सुधारणा त्याहून ठळक होती, अभ्यासात मागे असलेल्या आणि गरीब घरांतल्या मुलांना ती जास्त झाली आणि वर्षभरानंतरही टिकलेली आढळली.

अशा वीस मिनिटांत होतं काय? समजा, पाचवीतली मुलगी आहे. फोन आईच्या नंबरवर, स्पीकरवर. तुम्ही म्हणता, ‘वही-पेन्सिल घे. बावन्नमधून सत्तावीस वजा कर आणि उत्तर सांग.’ थोड्या वेळाने उत्तर येतं, पस्तीस. इथे ‘चूक, पुन्हा कर’ म्हणण्यात अर्थ नाही. पस्तीस आलं याचा अर्थ तिने एककात मोठ्या सातातून लहान दोन काढले, कुठला आकडा वर आणि कुठला खाली हे पाहिलंच नाही. हातचा घ्यायचं तिला माहीत नाही, किंवा कळलंय पण बसलेलं नाही. मग आईला सांगायचं, ‘ताई, काड्यापेटीतल्या दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे करून द्या, दोन काड्या सुट्या ठेवा.’ मुलगी एक गठ्ठा सोडते, बारा सुट्या काड्यांमधून सात बाजूला करते, उरलेल्या चार गठ्ठ्यांतले दोन उचलते. पंचवीस. पुढच्या आठवड्यापर्यंत रोज अशा चार वजाबाक्या. आई शाळेत गेली नसली तरी काड्यांचे गठ्ठे बांधू शकते आणि मुलगी रोज बसली का हे सांगू शकते. तेवढं पुरतं.

जे मुंबई-पुण्यापासून दूर राहतात, बंगळुरूला, दुबईला, न्यू जर्सीला, त्यांच्यासाठीही हीच वाट सोयीची. मराठी माध्यमातल्या मुलाशी घरच्यासारखं मराठी बोलता येणं ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. फक्त वेळ मुलाच्या घराची धरा. वडील परतायची वेळ रात्री आठची असेल तर तुमच्याकडे तेव्हा सकाळ असो की दुपार, फोन आठ वाजताच जायला हवा आणि दर आठवड्याला त्याच वारी.

फोनची मर्यादाही स्पष्ट आहे. वाचन त्याने फार पुढे जात नाही. मूल पुस्तकातल्या कुठल्या ओळीवर अडलंय, बोट कुठे ठेवलंय, ‘ध’ आणि ‘घ’ मध्ये गोंधळतंय का, हे दिसत नाही.

व्हिडिओ

इटलीत २०२० च्या वसंतात विद्यापीठातल्या स्वयंसेवक विद्यार्थ्यांनी सहावी ते आठवीच्या वयाच्या गरजू मुलांना ऑनलाइन शिकवलं, आठवड्याला साधारण तीन तास, एकास एक. अर्ज स्वयंसेवकांपेक्षा जास्त आले म्हणून मुलं चिठ्ठ्या टाकून निवडली. त्यामुळेच ज्यांना मदत मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही त्यांची तुलना करता आली. गुण वाढले, मुलांचं मनही सावरलं, आणि ज्यांना सहा तास मिळाले त्यांचा फायदा अधिक.

निकाल उत्तम आहे, पण तो आपल्याकडे आणताना सावध राहावं. एका मुलाला आठवड्यात तीन तास पूर्ण चार्ज केलेला स्मार्टफोन, डेटा आणि शांत कोपरा, हे दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथे जमत नाही. जिथे संस्थेने टॅब दिला आहे किंवा वस्तीतली अभ्यासिका संध्याकाळी उघडी असते, तिथे आठवी ते दहावीच्या मुलांसाठी, विशेषतः बीजगणित आणि इंग्रजीसाठी, व्हिडिओ निवडावा. दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी मी तो कुणालाच सुचवणार नाही.

वस्तीत जाऊन

‘प्रथम’ या संस्थेची सुरुवात १९९५ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या बालवाड्यांपासून झाली. पुढे त्यांनी रुजवलेली पद्धत सांगायला सोपी आहे. मुलाला त्याच्या इयत्तेप्रमाणे नाही, तर त्याला जे येतं त्याप्रमाणे गटात बसवायचं. त्यासाठी एक साधा कागद असतो. त्यावर अक्षरं, शब्द, एक छोटा परिच्छेद आणि एक गोष्ट. मूल एकेक करून येतं, मोठ्याने वाचतं, आणि काही मिनिटांत कळतं की ते कुठे आहे. पाचवीतलं मूल शब्दांपाशी थांबलं तर ते शब्दांच्या गटात, तिसरीतलं गोष्ट वाचत असेल तर ते गोष्टीच्या गटात. पाचवीतल्या मुलाला हे कमीपणाचं वाटू नये म्हणून गट पटापट बदलते ठेवायचे असतात, आणि चांगल्या ताई-दादांचं कसब इथेच दिसतं.

कोविडमध्ये ही मंडळी पारावर, देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली मुलं घेऊन बसली. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळमध्ये दिगंत स्वराज फाउंडेशनने भोंग्यावरून पाठ ऐकवले आणि मुलं अंतर ठेवून उघड्यावर बसली. दोन्हीकडे स्मार्टफोनशिवाय अभ्यास चालला.

तुम्ही वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत असाल तर मी हीच वाट निवडा म्हणेन, आणि कारण वाचन हेच आहे. देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीतली किती मुलं दुसरीचं पुस्तक वाचू शकत होती? ‘असर’नुसार २०१८ मध्ये २७.३ टक्के, २०२२ मध्ये २०.५ टक्के. ज्या मुलांची पहिली-दुसरी घरात गेली, ती आज वरच्या वर्गांत आहेत. त्यांतल्या अनेकांना विज्ञानाचा धडा कळत नाही, कारण तो वाचताच येत नाही. त्यांना कुणीतरी शेजारी बसून वाचून घ्यायला हवं.

इथे एक अडचण आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. वाचनाला रोजचा सराव लागतो. रविवारी दोन तास जाऊन आलात आणि सहा दिवस मुलाच्या हाती पुस्तक नाही, तर पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा तिथेच असता. रोज जाणं शक्य नसेल तर वस्तीतल्याच एखाद्या मुलीला साथ द्या. बारावीत किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेली, संध्याकाळी दहा-बारा मुलं घेऊन बसायची तयारी असलेली अशी मुलगी बहुतेक वस्त्यांत सापडते. मुलं ती रोज घेईल. तुम्ही आठवड्याला तिला भेटा, कोण कुठल्या गटात आहे ते तिच्याबरोबर तपासा, गोष्टींची पुस्तकं मिळवून द्या, आणि तिच्या स्वतःच्या परीक्षेत तिला मदत करा. तिच्या वेळेचं मानधन संस्था देते का, हेही विचारा. देत नसेल तर तो खर्च उचलणं हीच तुमची सगळ्यात उपयोगी मदत ठरू शकते.

बारावीनंतर

सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींची गरज निराळी. वजाबाकी त्यांना येते. कुठला अर्ज कधी निघतो आणि त्याला काय लागतं, हे सांगणारं घरात कुणी नसतं. २०२० मध्ये मे महिन्यात ठरलेली ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा १३ सप्टेंबरला झाली, बाकी परीक्षाही पुढे-मागे झाल्या. शहरातल्या क्लासवाल्यांनी आपल्या मुलांना क्षणाक्षणाची खबर दिली. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ती कोण देणार?

याच मुलांसाठी विदर्भातून राजू केंद्रे यांनी ‘एकलव्य’ ही संस्था उभी केली. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, अझीम प्रेमजी विद्यापीठ अशा संस्थांची वाट दाखवणं, प्रवेश परीक्षेची आणि मुलाखतीची तयारी करून घेणं, हे तिचं काम. जे आधी पोचले ते मागून येणाऱ्यांचा हात धरतात, ही तिची खरी ताकद. बंगळुरूची ‘मेंटॉर टुगेदर’ २००९ पासून नोकरदार माणसं आणि तरुण विद्यार्थी यांची जोडी जमवते. तिथे भर करिअरवर, बोलण्या-वागण्याच्या आत्मविश्वासावर असतो आणि ॲपमुळे शहर आड येत नाही.

दोन्हींत निवडायचं तर स्वतःकडे बघा. तुम्ही स्वतः तालुक्याच्या गावातून, शिष्यवृत्तीवर, वसतिगृहात राहून शिकला असाल तर ‘एकलव्य’सारखं काम तुमची वाट बघतंय. नॉन-क्रीमी लेयरचा दाखला वेळेत काढला नाही तर काय होतं, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज कुठे अडकतो, मेसचे पैसे भरायचे आणि शिष्यवृत्ती आलेली नाही अशा महिन्यात काय करायचं, हे तुम्हाला अंगावर घेऊन माहीत आहे. शहरात वाढून आयटीत किंवा बँकेत स्थिरावला असाल तर दुसरी वाट घ्या. मुलाखतीला कसं बसायचं, पहिला पगार कसा वापरायचा, वरिष्ठांना ईमेल कसा लिहायचा, हे तुम्ही चांगलं सांगाल.

नोकरीतून दोन वर्षं काढायची तयारी असेल तर ‘टीच फॉर इंडिया’ची फेलोशिप आहे. २००९ मध्ये ती मुंबई आणि पुण्यात सुरू झाली आणि तिच्यात कमी उत्पन्न गटातल्या मुलांच्या वर्गाला पूर्णवेळ शिकवायचं असतं. दोन तास की तीन, असा विचार चाललेल्यांचा तो प्रश्न नाही.

नाव नोंदवण्याआधी

संस्था कुठलीही असो, तीन गोष्टी विचाराच. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पडताळणी कशी करता? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे जाऊ नका. लहान मुलाशी बोलणं पालकांच्या नंबरवर आणि पालक घरात असतानाच व्हायला हवं, आणि ही अट संस्थेने स्वतःहून घालायला हवी. दुसरं, मूल कुठे आहे हे सुरुवातीला आणि नंतर कसं तपासता? हजेरीचे आकडे पुढे करून ‘इतक्या मुलांपर्यंत पोचलो’ एवढंच सांगणाऱ्यांपेक्षा ‘इतकी मुलं शब्दांवरून परिच्छेदावर आली’ सांगणाऱ्यांकडे जा. तिसरं, मी मध्येच थांबलो तर मुलाचं काय? कोविडमध्ये आई किंवा वडील गमावलेली मुलंही तुमच्या वाट्याला येऊ शकतात. त्यांच्या आयुष्यातून आणखी एक माणूस न सांगता निघून जाणं परवडणारं नाही. म्हणून कबूल करताना ‘जमेल तितके दिवस’ म्हणू नका. शाळेचं एक सत्र कबूल करा, जून ते दिवाळी, आणि ते संपण्याच्या महिनाभर आधी मुलाला, पालकांना आणि संस्थेला सांगा की दिवाळीनंतर तुम्ही आहात की दुसरं कुणी येणार आहे.