बॉक्स ऑफिस मोजो आणि द नंबर्स: गल्ल्याचा आकडा चोख, बजेटचा रकाना कच्चा

ॲक्शनपटाला किती खर्च आला, त्याने किती कमावलं आणि शेवटी कुणाच्या हातात काय उरलं, हे तपासायला बहुतेक लोक दोनच वेबसाइटवर जातात: बॉक्स ऑफिस मोजो आणि द नंबर्स. द नंबर्स ब्रूस नॅश यांनी १९९७ मध्ये सुरू केली. मोजो त्यानंतर लगेचच आली आणि २००८ पासून ती ॲमेझॉनच्या आयएमडीबी या चित्रपट-माहितीच्या साइटकडे आहे. दोन्हींचा मुख्य भाग फुकट आहे. दोन्ही जोखायला जॉर्ज मिलर यांचा २०१५ चा 'मॅड मॅक्स: फ्यूरी रोड' घेतला आहे, कारण या चित्रपटाचं बजेट किती होतं यावरून निर्माते आणि स्टुडिओ कोर्टापर्यंत गेले होते.

आधी मोजो. चित्रपटाच्या पानावर वरच तीन आकडे दिसतात: अमेरिका-कॅनडा मिळून 'डोमेस्टिक', बाकीचं जग आणि एकूण. फ्यूरी रोडचे डोमेस्टिक सुमारे १५.४ कोटी डॉलर आणि एकूण ३८ कोटींच्या आसपास. जुन्या बातम्यांत एकूण आकडा ३७.५ कोटी दिसतो. रिलीजच्या वर्षातल्या बातम्या बहुतेकदा अंतिम बेरजेच्या आधीच्या असतात आणि पुनर्प्रदर्शनाची रक्कमही नंतर मिळवली जाते, म्हणून असा फरक पडतो. त्यासाठी मोजोवर 'ऑल रिलीजेस' आणि 'ओरिजिनल रिलीज' अशी निवड आहे. तुलना करायची असेल तेव्हा मूळ रिलीजच निवडा.

खरी उपयोगी माहिती आत आहे. डोमेस्टिक रिलीजवर क्लिक केलं की रोजचा, वीकेंडचा आणि आठवड्याचा तक्ता वेगवेगळा उघडतो. शुक्रवारच्या आकड्यात गुरुवार रात्रीचे प्रीव्ह्यू शो धरलेले असतात, म्हणून शुक्रवार फुगलेला आणि शनिवारची घट जास्त दिसते. रविवारी जाहीर होणारा वीकेंडचा आकडा अंदाज असतो, पक्का आकडा सोमवारी येतो. अंदाजाच्या नोंदींवर मोजो तशी खूण करते, पण बातमीदार ती खूण गाळतात. लाँग वीकेंडलाही असाच घोळ होतो. फ्यूरी रोडचं पहिल्या वीकेंडचं ओपनिंग ४.५४ कोटी डॉलर होतं. दुसरा वीकेंड मेमोरियल डेचा होता, म्हणजे सोमवारी सुट्टी. शुक्रवार ते रविवार धरले तर कलेक्शन सुमारे २.४६ कोटी, घट ४६ टक्क्यांच्या घरात. सोमवारसकट चार दिवस धरले की घट बरीच कमी दिसते. तीन दिवसांची तुलना तीन दिवसांशीच करा.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मोजोची पुनर्रचना झाली आणि अनेक तुलनात्मक तक्ते आयएमडीबीप्रोच्या पैसे भरून मिळणाऱ्या भागात गेले. अभ्यासकांचं हे मोठं नुकसान झालं. ती उणीव द नंबर्स बऱ्यापैकी भरून काढते. तिथे 'लेग्ज' हा आकडा तयार मिळतो: एकूण डोमेस्टिक कमाई भागिले सर्वांत मोठा (बहुतेकदा पहिला) वीकेंड. फ्यूरी रोडचे लेग्ज ३.४ च्या आसपास येतात, मोठ्या ॲक्शनपटासाठी ही उत्तम पकड आहे. याच मालिकेतल्या २०२४ च्या 'फ्युरिओसा'चं तीन दिवसांचं ओपनिंग २.६३ कोटी आणि डोमेस्टिक एकूण ६.८ कोटींच्या आत, म्हणजे लेग्ज २.६ च्याही खाली. प्रेक्षक टिकला नाही हे या एका आकड्यात कळतं. महागाई धरून काढलेली कमाई आणि बऱ्याच चित्रपटांच्या डीव्हीडी-ब्लू-रे विक्रीचे अंदाजही द नंबर्स देते. मांडणी जुनाट आहे, पण माहिती शोधायला वेळ लागत नाही.

आता बजेट. दोन्ही सेवा इथे कमी पडतात, आणि त्यात दोष पूर्णपणे त्यांचा नाही. तिकिटांचे आकडे थिएटरांकडून रोज गोळा होतात. निर्मिती खर्च मात्र स्टुडिओ सांगेल किंवा बाहेर फुटेल तितकाच कळतो. फ्यूरी रोडसमोर बहुतेक ठिकाणी १५ कोटी डॉलर लिहिलेले असतात. मिलर यांच्या कंपनीचा दावा होता की निव्वळ खर्च १५.७ कोटींच्या आत राहिला तर ७० लाख डॉलरचा बोनस ठरला होता आणि खर्च १५.४६ कोटीच झाला. स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्सच्या हिशेबाने तो १८.५१ कोटी होता. चित्रीकरण ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला ठरलेलं, पण पावसाने तिथलं वाळवंट हिरवं झालं आणि सगळं नामिबियात हलवावं लागलं. पुढे सिडनीत पुन्हा चित्रीकरण झालं. स्टुडिओने सुचवलेल्या बदलांमुळे वाढलेला खर्च बोनसच्या हिशेबात धरायचा की नाही, हा वादाचा गाभा होता.

या तीन-साडेतीन कोटींच्या फरकाने निकालच उलटतो. व्यवसायातला ढोबळ नियम असा की फक्त थिएटरातून खर्च वसूल व्हायला बजेटच्या अडीचपट गल्ला लागतो. १५ कोटी धरले तर ३७.५ कोटी लागतात, म्हणजे चित्रपट काठावर पास. १८.५ कोटी धरले तर ४६ कोटींहून जास्त लागतात, म्हणजे नापास. दुसऱ्या बाजूने पडताळून बघा: डोमेस्टिक गल्ल्यातला साधारण निम्मा आणि परदेशातला सुमारे ४० टक्के वाटा स्टुडिओकडे येतो असं धरलं तर ७.७ आणि ९, मिळून १६.७ कोटी. चीनमध्ये हा चित्रपट थिएटरात लागलाच नाही, त्यामुळे तिथून भर नाही. एवढ्यात निर्मिती जेमतेम निघते, प्रसिद्धी आणि वितरणाचा खर्च बाकीच राहतो. तो टीव्ही, डिस्क आणि स्ट्रीमिंगच्या हक्कांतून काढावा लागतो. सहा ऑस्कर मिळवलेल्या चित्रपटाची ही स्थिती आहे.

अनुदानाचं तर दोन्हीकडे एका शब्दानेही कळत नाही. ऑस्ट्रेलियात पात्र ठरलेल्या खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत परतावा सरकारकडून मिळू शकतो. तिथेच चित्रित झालेल्या फ्युरिओसाचं बजेट १६.८ कोटी डॉलर छापलं जातं, ते परताव्याआधीचं की नंतरचं हे रकाना सांगत नाही. त्याचा जगभरचा गल्ला साधारण १७.४ कोटी असल्याने इथे निष्कर्ष बदलत नाही. काठावरच्या चित्रपटात मात्र बदलतो.

रुपयांत मांडायचं असेल तर रिलीजच्या वेळचा दर वापरा. २०१५ च्या मध्यावर डॉलर ६४ रुपयांच्या आसपास होता, त्या हिशेबाने फ्यूरी रोडचा गल्ला सुमारे २,४३० कोटी रुपये होतो. आजच्या दराने गुणून केलेली 'अमुक हजार कोटींची कमाई' ही मांडणी चुकीची आहे.

हॉलिवूडच्या गल्ल्यासाठी मोजोला पाचपैकी चार, विश्लेषणासाठी द नंबर्सला साडेचार, आणि बजेटसाठी दोघांनाही दोनच. भारतीय चित्रपटांसाठी दोन्ही अपुऱ्या आहेत: परदेशातली कमाई बऱ्यापैकी असते, देशातली तुटक, आणि मराठी चित्रपट तर जवळपास नाहीतच. शिवाय आपल्याकडे ग्रॉसमध्ये, म्हणजे तिकिटांच्या एकूण विक्रीत, जीएसटी असतो, तो वजा झाला की नेट, आणि थिएटरचा वाटा गेला की वितरकाचा शेअर. १०० कोटी ग्रॉसचा चित्रपट शेअरमध्ये ४० कोटींच्या आसपास उतरतो. म्हणून इथल्या ॲक्शनपटाचं बजेट आणि कलेक्शन शेजारी ठेवण्याआधी तो आकडा या तिन्हींपैकी कोणता, हे बघून घ्या.