लंडनच्या निधीपायी गेलेले दोन लाख

फसलेला माणूस सहसा बोलत नाही. मीही आठ महिने गप्प होतो. मागच्या आठवड्यात चोपड्याकडच्या एका शाहिराचा फोन आला, "तुमना मंडळले ती परदेशनी ग्रँट भेटेल व्हती ना? माले बी तसंच पत्र येल शे." मग लाज बाजूला ठेवून लिहायला बसलो.

आमचं अमळनेर तालुक्यातलं छोटं लोककला मंडळ. पुरुष डफावर 'वही' हा गाण्याचा प्रकार गातात, बाया कानबाई या खानदेशातल्या देवीची गाणी म्हणतात. सहा वर्षांत आधी मोबाइलवर, मग उसन्या रेकॉर्डरवर मी ४३ तासांचं ध्वनिमुद्रण केलं. त्यातलं थोडं यूट्यूबवर टाकलेलं होतं आणि तेच फसवणाऱ्यांनी हेरलं.

आषाढात मेल आला. वर ब्रिटनमधल्या एका नामांकित निधी संस्थेचं बोधचिन्ह, खाली 'सर्जनशील उद्योगांतील भारत-ब्रिटन संशोधन सहकार्य'. पहिल्याच परिच्छेदात इंग्रज काळातले भाषा-अभ्यासक ग्रिअरसन. त्यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात खानदेशीची, म्हणजे आमच्या अहिराणीची नोंद आहे, हे खरंच आहे. पुढे आमच्या व्हिडिओतल्या एका आजीच्या गाण्याबद्दल चार ओळी. ती कुठल्या कडव्यानंतर दम घेते, इथपर्यंत. आमचं गाणं जिल्ह्यातसुद्धा कुणी इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं. लोभाने फसलात, असं आता जो तो म्हणतो. लोभ होताच की. पण पैशाची गोष्ट नंतर निघाली, आधी त्यांनी मान दिला.

रक्कम ३८ लाख, मुदत दोन वर्षं. तिकडचं एक विद्यापीठ 'लीड पार्टनर', आम्ही 'कम्युनिटी पार्टनर'. व्हिडिओ कॉलवर एक मॅडम यायच्या, स्वच्छ पुणेरी मराठी, मला 'सर' म्हणायच्या. (आमच्याकडे मला सर म्हणणारा फक्त कर्जवसुलीवाला.) मग सतरा पानी इंग्रजी करार आला. नवव्या पानावर 'मॅच फंडिंग': ५ टक्के, म्हणजे १,९०,००० रुपये, ३१ जुलैच्या आत 'एस्क्रो' (तिऱ्हाइताकडे राखून ठेवायच्या) खात्यात भरा, पहिल्या हप्त्यासोबत परत मिळतील.

खरी मेख इथे आहे. मॅच फंडिंग ही भानगड खोटी नाही. पुष्कळ योजनांत भागीदार संस्थेला स्वतःचा वाटा दाखवावा लागतो. पण तो वाटा माणसांचा वेळ, जागा, यंत्रं किंवा रोख अशा रूपात प्रकल्पावरच खर्च होतो. निधी देणाऱ्याच्या खात्यात तो कुणी भरून घेत नाही. शब्द खरा, वापर खोटा. त्यामुळे ज्यांना विचारलं त्यांनीही "हो, असतं असं" म्हणून मान डोलावली.

मंडळाच्या खात्यात ९०,००० होते. ६०,००० मी घातले. उरलेले ४०,००० गावातल्या बायांच्या बचत गटाकडून घेतले. यंदा कानबाईच्या रोटाला, म्हणजे तिच्या सणाला, नवे माइक आणू, असं त्यांना सांगून.

दहा दिवसांनी परदेशी पैशाच्या परवानगीची फी निघाली, १८,५०० रुपये, तीही यूपीआयने. मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी नाही, म्हणून रक्कम नाशिकच्या एका नोंदणीकृत संस्थेत येईल आणि ती तुम्हाला वळती करेल. मी तेही भरले. तिसऱ्यांदा 'मनी लाँडरिंग क्लिअरन्स'चे ७४,००० मागितले, तेव्हा कुठे धुळ्याच्या भाच्याला करार दाखवला. तो सीएकडे काम करतो. त्याने दोनच पानं वाचली आणि डोक्याला हात लावला.

त्याने सांगितलं ते असं. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने परदेशी देणगी घेऊन दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आहे, म्हणजे नाशिकमार्गे पैसे येणं कायद्यातच बसत नाही. देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच उतरते. नोंदणी नसेल तर एका देणगीदाराच्या एका कामासाठी पूर्वपरवानगी मिळू शकते, पण तो अर्ज आपण स्वतः, देणगीदाराचं हमीपत्र जोडून, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर करायचा आणि फीही तिथेच भरायची. मधल्या कुणाच्या मोबाइल नंबरवर ती जात नाही.

नंतर मी स्वतः शोधलं. ब्रिटनमध्ये अशा विषयांसाठी आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज रिसर्च कौन्सिल आहे, २०१८ पासून ती यूके रिसर्च अँड इनोव्हेशन या मोठ्या छत्राखाली येते. तिथे साधारणपणे तिकडचं विद्यापीठ किंवा संशोधन संस्था अर्ज करते, आणि भारतातल्या भागीदाराचं नाव, काम, खर्च त्या अर्जात आधीच लिहिलेलं असतं. म्हणजे तिकडचा प्राध्यापक महिनोन्महिने आपल्याशी बोललेला असतो. अर्जच केला नाही आणि निवड झाली, असं होत नाही. त्या प्राध्यापकाचा पत्ता विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढून मेल टाकला असता, तर माझं काम एका दिवसात झालं असतं. आणखी एक: 'डॉट एसी डॉट यूके' हा शेवट तिकडच्या शिक्षण-संशोधन संस्थांसाठी राखीव आहे, 'डॉट ओआरजी डॉट यूके' मात्र कुणीही विकत घेऊ शकतो. मला आलेल्या मेलच्या पत्त्याचा शेवट हा दुसरा होता. मी फक्त 'यूके' वाचलं.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पण पहिला भरणा होऊन बावीस दिवस झाले होते. पैसे चार खात्यांतून फिरून गेलेले. शेवटच्या खात्यात २२,००० गोठवले आहेत, ते अजून सुटलेले नाहीत. भरणा झाल्यावर पहिल्या दोन-चार तासांत फोन गेला असता तर बरंच थांबलं असतं, असं पोलीस ठाण्यातल्या मुलाने सांगितलं. त्याचा सूर चांगला होता, ओरडला नाही.

पैशापेक्षा जास्त सलतं ते वेगळंच. 'मूल्यमापनासाठी' म्हणून ४३ तासांचं सगळं मूळ ध्वनिमुद्रण मी त्यांच्या फोल्डरमध्ये चढवलं होतं. गाणाऱ्यांनाही कायद्याने हक्क असतो, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणाचा हक्क वेगळा धरलेला आहे. मी बारा जणांचे अंगठे आणि सह्या एका इंग्रजी कागदावर घेतल्या, वाचून न दाखवता.

बचत गटाचे ४०,००० मी कापूस विकून फेडले. शेवटचा हप्ता द्यायला गेलो, तेव्हा ती दम घेणारी आजी ओट्यावर बसली होती. नोटा तिने मोजल्या नाहीत, पदराखाली ठेवल्या आणि विचारलं, "मना गाना कोठे गयात, भाऊ?"