घरात गिटार वाजवायला ट्यूब ॲम्प: ५ वॉट की १ वॉट?

इंदुरात रामबागेचा जुना वाडा काय किंवा विजय नगरचा फ्लॅट काय, भिंत शेजाऱ्यांशी सामाईकच. अशा ठिकाणी रात्री जेवणं आटोपल्यावर वाजवायचं, तर १५ वॉटचा विचार सोडा. मग उरतात दोघं. एक, फेंडर कंपनीच्या चॅम्प या छोट्या ॲम्पच्या ५एफ१ सर्किटवरचा ५ वॉटचा सिंगल-एंडेड, म्हणजे शेवटी एकच पॉवर ट्यूब असलेला: एक १२एएक्स७ (गिटारचा नाजूक सिग्नल वाढवणारी प्रीॲम्पची ट्यूब), एक ६व्ही६ (स्पीकर चालवणारी पॉवर ट्यूब), एक ५वाय३ (एसी विजेची डीसी करणारी रेक्टिफायर ट्यूब). दुसरा १ वॉटचा पुश-पुल, म्हणजे पॉवरचं काम दोन बाजूंनी वाटून घेणारा: ब्लॅकस्टार एचटी-१ किंवा मार्शल डीएसएल१च्या जातीचा, ज्यात पॉवरलाही ईसीसी८२ ही छोटी ट्यूबच असते.

दोघांच्या जोरात फरक ७ डेसिबलचा. आठ इंची स्पीकर १ वॉटवरही मीटरभर अंतरावर ९० डेसिबलच्या आसपास पोचतो. म्हणजे पूर्ण उघडला तर शेजारचे काका दोन्हींना दार वाजवणार. नुसत्या वॉटवर निवड करण्यात फारसा अर्थ नाही.

सुरात चॅम्प सरस, हे आधीच मान्य. नॉब एकच. हात हलका ठेवला की स्वच्छ, जोर दिला की ६व्ही६चा आवाज सुरेख फाटतो. १ वॉटवाल्यांची खरखर बरीचशी प्रीॲम्पमध्येच तयार होते, ती माझ्या कानाला जरा सपाट लागते.

पण चॅम्पची भुणभुण! व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी ती तेवढीच राहते. ५० हर्ट्झची वीज रेक्टिफायरमधून गेली की उरलेली लहर १०० हर्ट्झची होते. सिंगल-एंडेडमध्ये ती पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्गे थेट स्पीकरला जाते. पुश-पुलमध्ये त्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या, म्हणजे ट्यूबकडच्या वेटोळ्याच्या, दोन्ही टोकांना सारखीच येते म्हणून आपसांत कटते. स्टेजवर तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. घरात पंखा बंद, व्हॉल्यूम दोनवर, आणि दोन सुरांच्या मधे ती ऐकू येत राहते. एकदा कानाला लागली की लागली.

कमी करता येते, नाही असं नाही. आधी गिटारची वायर काढून व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. आवाज थांबला तर दोष गिटारचा, वायरचा किंवा पंख्याच्या रेग्युलेटरचा. राहिला तर ॲम्प बंद करून १२एएक्स७ काढा आणि ती न बसवताच ॲम्प पुन्हा चालू करून ऐका. तरीही तसाच असेल तर ही लहर गुळगुळीत करणारे फिल्टर कपॅसिटर बघा. मूळ सर्किटमध्ये ते १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरडचे. दुसरा २२ केला की थोडा फरक पडतो. पहिला मात्र २०च्या फार पुढे नेऊ नये, चार्ज होताना ५वाय३वर ताण येतो. म्हणजे सुधारणेला मर्यादा इथेच. बंद केल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात. मीटरवर शून्य दिसेपर्यंत बोट घालायचं नाही. स्पीकरआधी ॲटेन्युएटर (ॲम्पचा जोर कमी करणारा डबा) लावला तर सुराबरोबर भुणभुणही खाली येते, पण मग ज्यासाठी चॅम्प घेतला तो सूरही बोथट होतो.

अर्थिंगचंही बघून घ्या. वायरमन "अर्थिंग है भिया" म्हणून मोकळा होतो. तीन पिनी सॉकेट दिसतं, मागे तार नसते. मीटरने फेज-अर्थ २३०च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत आलं पाहिजे. हे १ वॉटवाल्यालाही लागू.

चॅम्प बनवूनच घेणार असाल तर वाइंडिंगवाल्याला पॉवर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मेन्सकडचं वेटोळं) २४० व्होल्टची सांगा. २३०वर गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर २५० व्होल्टला ट्यूब तापवणाऱ्या हीटरवर ६.३ऐवजी ६.८५ व्होल्ट देतो, आणि रात्री लोड उतरला की २५० दिसणं नवलाचं नाही. कोणी अमेरिकेहून १२० व्होल्टचा ॲम्प आणून देत असेल तर स्टेप-डाउन तर लागेलच, शिवाय ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो आणि कधी कधी स्वतःच गुरगुरतो.

स्वतंत्र बंगला असेल, दुपारी वाजवत असाल, तर चॅम्पच घ्या, मी अडवणार नाही. फ्लॅटमध्ये रात्रीच वेळ मिळत असेल, तर माझं पारडं १ वॉटकडे झुकतं. डीएसएल१ ०.१ वॉटवरही उतरतो. एचटी-१ला हेडफोनची सोय आहे. दुकानात मात्र रिफ वाजवून निवडू नका. गिटार न लावता ॲम्प दोन मिनिटं तापू द्या, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, दुकानदाराला पंखा बंद करायला सांगा आणि स्पीकरपासून हातभर अंतरावर कान लावून बसा.