पाय की पोट?
पतंगाची जात नवी आहे हे ठरवायच्या दोन वाटा. डीएनए बारकोडला वाळक्या नमुन्याचा एक पाय पुरतो: जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे 658 अक्षरांचा तुकडा वाचायचा, कुणाशी जुळतो का पाहायचं. काम झटपट, पण संग्रहातल्या जुन्या नमुन्यांत डीएनए तुटलेला असतो.

दुसरी वाट पोटाची. ते अलगद तोडून कॉस्टिक पोटॅश या तीव्र अल्कलीच्या 10 टक्के द्रावणात मऊ करायचं, खवले कुंचल्याने झटकायचे, जननेंद्रियं काचपट्टीवर मांडायची. हात थरथरला की नमुना गेला! पण पंख हुबेहूब असलेल्या जाती बहुधा इथेच वेगळ्या पडतात. 2017 साली वर्णन झालेल्या कॅलिफोर्नियाच्या निओपाल्पा डोनाल्डट्रम्पी या पतंगाच्या डोक्यावरचे पिवळट खवले डोनाल्ड ट्रम्प यांच्या केसांसारखे म्हणून गाजले, जननेंद्रियांतला फरक कुणाच्या लक्षात राहिला? मला विचाराल तर आधी पोट. पाय मात्र जपून ठेवा.