लहान मुलांसाठी लिहायला शिकायला इंग्लंडात आले, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

हा कोर्स कसा आहे, घ्यावा का, असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. गेल्या सप्टेंबरपासून इथल्या एका युनिव्हर्सिटीत एमए करतेय, विषय मुलांसाठी आणि टीनएजर्ससाठी लेखन. नाव नाही सांगणार कारण थोड्या तक्रारी पण आहेत. त्याआधी पुण्यात आठ वर्षं शाळेत शिकवलं, दिवाळी अंकात तीन-चार बालकथा छापून आल्या होत्या, त्यामुळे आपल्याला येतं असा गोड गैरसमज होता.

पैशाचं आधी सांगून टाकते. फी साडेसोळा हजार पाउंड, म्हणजे अठरा लाखांच्या वर, आणि व्हिसासोबत तब्येतीचा सरचार्ज (इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी) वर्षाला 776 पाउंड, एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा दीडेक वर्षाचा मिळतो म्हणून तो 1164 भरावा लागला. टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, त्यात भाडं निघत नाही. आणि एवढे पैसे भरून आठवड्याला वर्ग किती तर जेमतेम सहा तास! पहिल्या महिन्यात मी रोज हिशोब करायचे की एका तासाला किती रुपये पडले. करू नका, त्रास होतो.

आता मुद्द्याचं. वर्कशॉप म्हणजे आम्ही आठ जण, ज्याची पाळी असेल त्याने चार दिवस आधी तीन हजार शब्द सगळ्यांना पाठवायचे, मग वर्गात बाकीचे बोलणार आणि लिहिणाऱ्याने गप्प बसायचं. एक अक्षर बोलायचं नाही. मला ते फार जड गेलं, कारण मला सारखं वाटायचं की अहो थांबा मला असं म्हणायचं नव्हतं. पण पुस्तक विकत घेतलेल्या पोराच्या घरी तर आपण समजवायला जाणार नसतो ना.

माझं पहिलं प्रकरण मिरजेतल्या एका दहा वर्षांच्या मुलीचं होतं. तिची सायकल चोरीला जाते आणि आजी तिला धीर देते, आजीच शेजाऱ्यांकडे चौकशी करते, शेवटी आजीच चोराला दोन गोष्टी सुनावते. सगळ्यांनी भाषेचं कौतुक केलं मग ट्युटर म्हणाली, छान आहे, पण ही गोष्ट आजीची आहे, मुलगी नुसती बघतेय. झालं. रूमवर येऊन माझ्या जुन्या कथा काढून बघितल्या तर सगळीकडे तेच, मूल अडचणीत आणि मोठं माणूस येऊन शहाणपण सांगून जातंय. मी इतकी वर्षं आईवडिलांना आवडेल असं लिहीत होते, पोरांसाठी नाही. हे कळायला अठरा लाख लागले असं नवऱ्याने ऐकवलंच.

पिक्चर बुकचं मॉड्यूल मात्र सगळ्यात भारी. मला वाटायचं छोटी गोष्ट आहे, संध्याकाळी बसून होईल. मग त्यांनी ए4चे आठ कागद मधे दुमडून 32 पानांची वही करायला लावली. पिक्चर बुक बहुतेक 32 पानांचंच असतं कारण छापखान्यात मोठा कागद दुमडून 16-16 पानांचे गठ्ठे पडतात. त्यातली सुरुवातीची नावाबिवाची पानं गेली की गोष्टीला साधारण 12 जोडपानं उरतात. माझी गोष्ट हॉर्न हरवलेल्या रिक्षाची, 1100 शब्द. त्या वहीत मावेचना. मग कात्री घेऊन वाक्यं कापून चिकटवत बसले तेव्हा दिसलं की रिक्षा पिवळी होती, पाऊस पडत होता, हे लिहायची गरजच नाही, ते चित्रात येणार. आणि प्रश्न उजव्या पानाच्या शेवटी ठेवायचा, उत्तर पान उलटल्यावर. 420 शब्दांवर आले. सांगलीतल्या भाच्याला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं, आधीच्या वेळी हा पाचव्या पानाला पाणी प्यायला उठून गेला होता, यावेळी पान उलटायच्या आत ओरडला, कोंबडीने गिळला!! (बरोबर होतं.)

तक्रारी म्हणजे पहिल्या असाइनमेंटचा फीडबॅक सात आठवड्यांनी आला, तोवर दुसरी देऊन झालेली. लेखकांचं पुस्तक प्रकाशकाकडे नेणारे एजंट वगैरे येऊन बोलतात पण सगळं इथल्या बाजाराचं, मराठीत लिहायचं असेल तर त्यांना काहीच माहीत नसतं आणि त्यांची चूकही नाही. लायब्ररीत एकही मराठी पुस्तक नाही. निबंधासाठी मला किशोरनं तारलं, बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात, ते बघून ट्युटरचे डोळेच विस्फारले.

इंग्रजीत लिहिताना वरण, ओटा, ओसरी या शब्दांचं काय करायचं यावर दोन वर्कशॉप गेली. एकजण म्हणाला मागे शब्दार्थ दे. मी दिले नाहीत. तिनं वरणात बोट बुडवलं आणि चटकन चोखलं, एवढं लिहिलं की ब्रिस्टलच्या पोरालाही कळतं की ते काहीतरी गरम आणि खायचं आहे.

कोर्स घ्यायचा का विचाराल तर स्कॉलरशिप किंवा साठवलेले पैसे असतील तर घ्या, पुस्तक छापून येईल या आशेवर कर्ज काढून येऊ नका, ते कुणी लिहून देत नाही.

सध्या डिझर्टेशन चालू आहे, तीच मिरजेची मुलगी, 31 हजार शब्द झालेत. आजीचं काय करायचं यात एप्रिल-मे गेले. वर्गातल्यांचं मत मारून टाक, इकडच्या पुस्तकांत आईबाप आजीआजोबा पटापट मरतात. मला धीर होईना. शेवटी भाच्यालाच विचारलं, तो म्हणाला अगं मावशी वारीला पाठव की. तर आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी, जवळजवळ तीन आठवडे आजी घरात नाही आणि सायकल दुसऱ्याच दिवशी चोरीला गेलीय.