द लाँग डार्क, बरेच महिने खेळून झाल्यावर: कच्चा बर्फ आणि काठाला लागलेलं सामान

या गेमवर लिहिणारे बहुतेक जण लांडगे, अस्वल आणि हिमवादळ यांच्यापाशीच थांबतात. त्यात चूक काही नाही, सुरुवातीचे कित्येक तास याच तिघांच्या धाकात जातात. पण लांडग्याची चाल महिन्याभरात कळते. अस्वलाला कुठून वळसा घालायचा हेही अंगवळणी पडतं. इतके महिने खेळून झाल्यावर अजून ज्याच्याशी माझं खरं भांडण चालू आहे तो म्हणजे समुद्राचा काठ. हा अनुभव मुख्यतः त्याबद्दलच आहे. गोष्टीच्या मोडबद्दल, म्हणजे विंटरम्यूटबद्दल, इथे काही नाही. मी जवळजवळ सगळा वेळ सर्व्हायव्हल मोडमध्येच घालवलाय.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओने बनवलेला हा गेम २०१४ मध्ये अर्धवट अवस्थेत विक्रीला आला आणि १ ऑगस्ट २०१७ ला पूर्ण म्हणून जाहीर झाला. ग्रेट बेअर नावाचं काल्पनिक बेट, चुंबकीय वादळाने बंद पडलेली वीज, न संपणारा हिवाळा, आणि तुम्ही एकटे. झोंबी नाहीत, शत्रूची टोळी नाही. ऊब, थकवा, तहान आणि भूक ही चार वर्तुळं रिकामी होत जातात, ती भरत राहायची. सर्व्हायव्हलचा मूळ नियम: जीव एकच. मेलात की सेव्ह गेला, पुन्हा पहिल्यापासून.

आता मुद्दा. या गेमचे नकाशे पक्के आहेत. डोंगर हलत नाही, घर हलत नाही, गुहेचं तोंड हलत नाही. आत काय सापडेल ते काही प्रमाणात बदलतं, पण जागा त्याच. त्यामुळे चार-सहा महिने खेळलेला माणूस खरं तर जगत नसतो, आठवत असतो. मिस्टरी लेकची छावणी, तिथून धरण, धरणाकडून दरीतल्या रेल्वेपुलावरून कोस्टल हायवे. हे मी अर्ध्या झोपेतही चालू शकते. इंटरलोपरसारख्या अवघड पातळीवर तर आठवणीचा भाव आणखी वाढतो, कारण तिथे बंदूक मिळतच नाही, सुरी-कुऱ्हाड भट्टीवर स्वतः घडवावी लागते, आणि हातोडा कुठे मिळू शकतो हे ठाऊक असणारा नवख्यापेक्षा मैलभर पुढे असतो. जगण्याचा गेम हळूहळू पाठांतराचा होतो.

काठावर मात्र हे पाठांतर चालत नाही. तिथे दोन गोष्टी सतत जागा बदलतात: कच्च्या, म्हणजे पायाखाली फुटणाऱ्या, बर्फाचे पट्टे, आणि पाण्याने आणून टाकलेलं सामान. या दोन्ही मूळ गेममध्ये नव्हत्या, पुढच्या काळात आल्या. माझ्या मते गेमला दुसरं आयुष्य मिळालं ते यांच्यामुळे, नव्या प्रदेशांमुळे नव्हे.

आधी सामान. कोस्टल हायवे, डेसोलेशन पॉइंट आणि ब्लीक इनलेट या समुद्राकाठच्या प्रदेशांत मोठं वादळ होऊन गेलं की बर्फाच्या कडेला काहीबाही येऊन पडलेलं दिसतं. लाकडं, मेलेले मासे, कधी एखादा कपडा. नव्या खेळाडूला यात विशेष वाटणार नाही, कारण त्याची घरं अजून लुटायची बाकी असतात. पण शंभर दिवसांचा टप्पा ओलांडलेल्या रनमध्ये, म्हणजे एका जीवावरच्या खेळात, सगळी कपाटं उघडून झालेली असतात. तेव्हा बेटावर नव्याने येणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक. विशेषतः रोपं. बर्च आणि मेपलची रोपं जमिनीवर ठरावीक ठिकाणीच असतात आणि एकदा तोडली की पुन्हा उगवत नाहीत. बर्चपासून बाणाच्या काड्या होतात, मेपलपासून धनुष्य. धनुष्य वापरून वापरून झिजतं, बाण मोडतात. म्हणजे काठाला रोपं आली नाहीत तर शिकार कधीतरी थांबणारच. लांबच्या रनची सगळी भिस्त या ओल्या काठ्यांवर असते.

आणि म्हणूनच गेमने त्या नेमक्या वाईट जागी टाकल्यात. सामान सहसा काठाच्या वाळूत सापडत नाही, ते असतं बाहेरच्या कडेला, जिथे घट्ट बर्फ संपून पाणी सुरू होतं. कच्चा बर्फही तिथेच जास्त.

कच्चा बर्फ कसा कळतो? नजरेने थोडाफार, कानाने नक्की. पाऊल पडलं की आधी तडकल्याचा आवाज येतो, पडद्यावर इशारा उमटतो, आणि तिथून तुमच्याकडे थोडाच वेळ उरतो. त्या वेळात घट्ट बर्फावर परतलात तर काही होत नाही. नाहीतर खाली. पडद्यावर अंधार, आणि मग जवळच बाहेर आलेले तुम्ही: तब्येत खाली घसरलेली, अंगावरचा प्रत्येक कपडा ओलागच्च. कपडे भिजले की ऊब देत नाहीत, आणि उघड्यावर राहिलात तर गोठून वजनाला जड होतात. पाठोपाठ हायपोथर्मियाचा, म्हणजे अंगाचं तापमान घातक खाली जाण्याचा, धोका. मी पिलग्रिम या सोप्या पातळीवर मुद्दाम पडून पाहिलं होतं. पडणं स्वतः जीव घेत नाही, पडल्यानंतरचा रस्ता घेतो. निवारा दोन मिनिटांवर असेल तर फक्त त्रास. तोच बर्फावरून लांब, वाऱ्यात, संध्याकाळी असेल तर तिथेच रन संपू शकतो. शिवाय इजा झाली की गेम स्वतःहून सेव्ह करतो, तेव्हा बंद करून मागच्या सेव्हवर पळायची वाटही बंद.

सुरुवातीला हे पट्टे मी डोक्यात साठवत होते: जॅकरॅबिट बेटाकडे जाताना या खडकाच्या डावीकडून, मासेमारीच्या झोपड्यांपासून इतकं दूर. काही दिवस ते चाललं. मग ज्या वाटेने रोज जात होते तीच एका सकाळी पायाखाली बोलायला लागली. पट्टा सरकला होता. कोळशाने काढलेला नकाशा इथे कामाचा नाही, कारण तो जमीन दाखवतो, बर्फाची तब्येत नाही. स्प्रे पेंटने खडकावर खूण करता येते, आणि जमिनीवर मी ती सर्रास करते; बर्फाच्या बाबतीत मात्र जुनी खूण ही खोटी ग्वाही ठरते. त्यामुळे आता काहीच लक्षात ठेवत नाही. दर वेळी नव्याने बघते.

एकच प्रसंग नीट सांगते. डेसोलेशन पॉइंटला रायकेन हे अडकून पडलेलं जहाज आहे, त्यात भट्टी आहे, म्हणून मी तिथे बाणांची पाती घडवायला थांबले होते. रात्रभर वादळ. सकाळी वारा पडला आणि डेकवरून पाहिलं तर बाहेरच्या कडेला काहीतरी काळं आडवं पडलेलं. जवळ गेल्यावर दिसलं, मेपलचं रोप. माझ्या धनुष्याने शेवटचे दिवस मोजायला घेतलेले. रोपापासून पाच-सहा पावलांवर बर्फ तडकला. मागे आले. उजवीकडून गेले, तडकला. डावीकडून थोडं लांबून, समुद्राला समांतर चालत गेले तर चार पावलं जास्त मिळाली आणि मग पुन्हा तोच आवाज. या वेळी हिशेब असा होता: रोपापर्यंत दोन पावलं, उचलायला क्षणभर, परत घट्ट बर्फावर यायला तीन. जहाजात शेकोटीची राख अजून गरम, जळण शिल्लक, म्हणजे पडले तरी मरणार नाही. गेले, उचललं, फिरले. आवाज शेवटच्या पावलापर्यंत मागे मागे येत होता. रोप वाळायला सहा दिवस लागतात, ते सहाही दिवस मी जहाज सोडलं नाही.

या प्रसंगात लढाई नाही, प्राणी नाही, कुणी पाठलाग करत नाही. तरीही लांडग्याशी झालेल्या कुठल्याही झटापटीपेक्षा माझे हात तेव्हा जास्त घामेजले होते. कारण लांडगा अंगावर येतो तेव्हा निर्णय त्याचा असतो. इथे सगळा हट्ट माझा.

काठावर जायचं तंत्र असं काही फार नाही, पण दोन-तीन सवयींनी फरक पडला. पहिली म्हणजे फेरीच्या आधी जवळच्या घरात जळण रचून ठेवायचं, काड्या आणि कागद हाताशी. पडलात तर लाकडं शोधत बसायला वेळ नसतो. दुसरी म्हणजे वारा. वाऱ्यात बर्फाचा आवाज दबतो, आणि आवाज गेला की निम्मं शस्त्र गेलं. म्हणून वादळानंतरच्या शांत सकाळीच मी बाहेर पडते, मग कितीही मोह होवो. आणि दिवसाचा वेळ: गेममधला एक दिवस आपल्या घड्याळाचे साधारण दोन तास घेतो, तेव्हा सकाळ वाया घालवली की काठाची लांबी पुरत नाही. कोस्टल हायवेला तर उघड्या बर्फावर लांडगे फिरतात, आणि लांडग्याला चुकवताना माणूस पायाखाली बघायचं विसरतो. ब्लीक इनलेटला टिंबरवुल्फची, म्हणजे कळपाने हल्ला करणाऱ्या लांडग्यांची, टोळी. तिथे मी सामानासाठी जातच नाही, कॅनरीत, म्हणजे मासे डबाबंद करायच्या कारखान्यात, काडतुसं बनवायचं काम असेल तरच.

आता खऱ्या बर्फाशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. समुद्राचं पाणी खारट असल्याने उणे १.८ अंशाच्या आसपास गोठतं, आणि त्या बर्फात खाऱ्या पाण्याचे बारीक कप्पे अडकून राहतात. म्हणून तितक्याच जाडीच्या गोड्या पाण्याच्या बर्फापेक्षा तो कमजोर. शिवाय भरती-ओहोटीने किनाऱ्यालगतचा बर्फ रोज वर-खाली होऊन भेगा पडतात. म्हणजे पट्टे सरकण्याची कल्पना निव्वळ खेळाडूला छळण्यासाठी काढलेली नाही, तिच्यामागे निसर्गाचा आधार आहे. तलावाच्या स्वच्छ, घट्ट बर्फावर माणसाने चालायला निदान १० सेंटिमीटर जाडी हवी असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. गेममध्ये जाडी मोजायचा काही मार्ग नाही, आणि माझी तक्रार इथेच आहे. काठीने ठोकून पाहता आलं असतं, दगड टाकून पाहता आला असता. दगड तर गेममध्ये फेकता येतात, सशावर चालतात, बर्फावर त्यांचा उपयोग शून्य.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्यात पडल्यावरचा भाग. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी थंड पाण्यातल्या माणसासाठी १-१०-१ असा हिशेब लोकांपर्यंत नेला: साधारण १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, १० मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि थंडीने शुद्ध हरपायला सुमारे १ तास. म्हणजे खरी झुंज पाण्यातच असते: धाप आवरणं, पाय मारत आडवं होणं, आल्या दिशेने बर्फावर चढणं, आणि उभं न राहता लोळत दूर जाणं. गेम हे सगळं अंधारात गुंडाळून तुम्हाला थेट बाहेर काढतो. इतका बारकाईचा गेम आणि सगळ्यात थरारक क्षण गाळलेला. खिशातल्या आगपेटीच्या काड्याही भिजत नाहीत, ही सूट मात्र मी हसत घेते, नाहीतर इंटरलोपरवर कुणी काठाकडे फिरकलं नसतं.

आवाजाबद्दल शेवटचं. हा गेम स्पीकरवर खेळू नका. हेडफोनमध्ये बर्फाचं तडकणं, स्वतःचा श्वास आणि वाऱ्याचा बदलता सूर वेगवेगळे ऐकू येतात, आणि काठावर यावरच जगणं अवलंबून असतं. ज्यांना ऐकण्यात अडचण आहे त्यांना पडद्यावरचा इशारा मिळतो, पण तो आणखी ठळक करायची सोय हवी होती.

कुणासाठी आहे हे? ज्यांना दर पाच मिनिटांनी काहीतरी घडायला हवं असतं त्यांनी लांब राहावं. ज्यांनी गेम पूर्वी खेळून 'सगळं पाहून झालं' म्हणून सोडला होता त्यांनी मात्र व्हॉयेजर या मधल्या पातळीवर कोस्टल हायवेला नवा रन सुरू करून बघावा. मुक्काम रस्त्यालगतच्या क्वॉनसेट गॅरेजमध्ये टाका, आसपासची घरं हवी तर आठवणीनेच लुटा, आणि पहिलं वादळ ओसरलं की जळण रचून समुद्राच्या बाजूने निघा. पहिल्या फेरीत काही नाही मिळालं तर तेही चालतं, बऱ्याचदा तसंच होतं.