स्वूप शिकण्यासाठी कॅनोपी: सेबर ३, सफायर ३, क्रॉसफायर ३ की कटाना?

स्कायडायव्हिंगमध्ये स्वूप म्हणजे उतरताना कॅनोपीला, म्हणजे पॅराशूटच्या पंखाला, मुद्दाम डाइव्ह देऊन मिळालेल्या वेगानं जमिनीला समांतर झेपावणं. तळ्याच्या पाण्याला पाय घासत जाणारा पायलट (कॅनोपी उडवणारा) ज्या कॅनोपीखाली असतो, ती विकत घेण्याची घाई जवळजवळ प्रत्येकाला होते. व्हॅलकिरी, पेरेग्रिन, पेट्रा ही नावं त्यामुळेच लवकर पाठ होतात. शिकणाऱ्याच्या कामाच्या कॅनोप्या वेगळ्या आहेत आणि त्या दिसायला अगदी साध्या असतात. हे परीक्षण त्यांचं आहे. साधारण ३०० उड्या झाल्या आहेत, बिनवाऱ्याच्या दिवशीही उभ्यानं उतरता येतं, ठरवलेल्या जागेपासून दहा मीटरच्या आत उतरणं नेहमीचं झालं आहे आणि स्वूप शिकवणारा कोच हाताशी आहे, असं इथे धरलं आहे. यातलं एक जरी नसेल तर सध्याच्या कॅनोपीवरच थांबावं.

आधी आकडेमोड. विंग लोडिंग म्हणजे विमानातून बाहेर पडतानाचं एकूण वजन पौंडांत, भागिले कॅनोपीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत. वजन ७५ किलो, अंगावरचा रिग (पॅराशूटचं सगळं सामान) आणि कपडे १२ किलो, मिळून ८७ किलो, म्हणजे १९२ पौंड. १७० च्या कॅनोपीवर लोडिंग १.१३ येतं, १५० वर १.२८, १३५ वर १.४२ आणि १२० वर थेट १.६०. १०० उड्यांपर्यंत १.०, त्यापुढे दर १०० उड्यांना ०.१ वाढ हा ठोकताळा बराच रूढ आहे. त्यानुसार ३०० उड्यांच्या या माणसासाठी १.२ ही हद्द झाली, आणि १५० ती थोडी ओलांडते. शिकण्यासाठी हद्दीवर जाऊ नये. १७० वर एक मोसम काढला तर काही बिघडत नाही. लहानखुऱ्या अंगाच्या व्यक्तीनं आणखी जपावं. ५५ किलोची व्यक्ती १२० वर १.२३ भरते आणि आकडा सौम्य वाटतो. पण लहान कॅनोपीच्या दोऱ्या आखूड असतात, त्यामुळे त्याच लोडिंगला ती मोठ्या कॅनोपीपेक्षा चटकन वळते आणि वळताना जास्त उंची खाते. १५० पेक्षा लहान कॅनोपीसाठी ठोकताळ्यातून ०.१ वजा करणं शहाणपणाचं.

आता लोक जिथे पैसे वाया घालवतात तो मुद्दा. कॅनोपीचा वेग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १५० वरून १३५ वर गेलात तर लोडिंग ११ टक्के वाढतं, वेग मात्र जेमतेम ५ टक्के. तोच पायलट त्याच १५० वर दोन्ही फ्रंट रायझर (खांद्यापासून दोऱ्यांपर्यंत जाणारे पुढचे पट्टे) नीट धरून, सरळ, न डळमळता डाइव्ह करायला शिकला तर याच्या कितीतरी पट वेग मिळतो. वेग डाइव्हमधून येतो. म्हणून शिकायची कॅनोपी निवडताना तिचा आकार किती लहान, हा प्रश्नच चुकीचा. ती डाइव्हमध्ये कशी वागते आणि त्यातून कशी बाहेर येते, एवढंच पाहायचं.

याला रिकव्हरी आर्क म्हणतात: रायझर सोडल्यापासून कॅनोपी आपणहून पुन्हा सपाट उडू लागेपर्यंत जाणारी उंची. यावर ड्रॉपझोनवर (उड्यांच्या मैदानावर) कायमचा वाद असतो. आर्क छोटा असेल तर कॅनोपी पटकन सावरते, म्हणून ती सुरक्षित, असं एक मत. पण छोट्या आर्कच्या कॅनोपीवर स्वूप साधायचा तर वळण जमिनीजवळ सुरू करावं लागतं, आणि चूक कळते तेव्हा दुरुस्तीला जागाच उरलेली नसते. मोठ्या आर्कची कॅनोपी वळण उंचावर सुरू करू देते, हात हळू चालवू देते, विचाराला वेळ देते. मात्र उंची चुकली तर ती स्वतःहून सावरत नाही, पायलटलाच तिला बाहेर काढावं लागतं. आमचं मत मधल्या आर्कच्या बाजूनं आहे. पहिल्या शंभरेक डाइव्हसाठी मधला, नंतर मोठा. छोट्या आर्कवर स्वूप शिकूच नये.

सेबर ३. फ्लोरिडातल्या डिलँडच्या परफॉर्मन्स डिझाइन्सची नऊ सेलची (हवेनं फुगणाऱ्या कप्प्यांची), किंचित निमुळती कॅनोपी. सुरुवातीसाठी आमची पहिली पसंती हीच. हार्नेसला (अंगाला बांधलेल्या पट्ट्यांना) आधीच्या सेबर २ पेक्षा जास्त ऐकते, म्हणजे फक्त कंबर झुकवून ४५ अंशांचं वळण घेण्याचा सराव हिच्यावर होतो; फ्लेअरही (उतरताना ब्रेक ओढून वेग मोडणं) अधिक जोरकस. फ्रंट रायझर सुरुवातीला हलके असतात, पण वेग वाढला की जड होत जातात आणि हातातून सुटू पाहतात. शिकणाऱ्याला हा गुणच मानावा: गरजेपेक्षा खोल डाइव्ह ती करूच देत नाही. वापरलेली सेबर २ स्वस्तात मिळत असेल तर तीही चालेल. तिचे टोकाचे सेल उघडताना बंद राहतात आणि ती दिशा सोडून उघडू शकते. दोन्ही टॉगल (ब्रेकच्या दोऱ्यांच्या मुठी) एकदा खोल ओढले की सेल सहसा उघडतात. दिशेसाठी मात्र आजूबाजूच्या लोकांपासून अंतर राखणं हाच उपाय.

सफायर ३. न्यूझीलंडच्या एनझेड एरोस्पोर्ट्सनं आणलेली, सेबर ३ च्या वर्गातली. उघडणं सावकाश आणि मऊ, टॉगलचा प्रतिसाद गोड. दोन्हींत निवड करताना डोकं फार शिणवू नये. आपल्या मापाची, चांगल्या दोऱ्यांची जी मिळेल ती घ्यावी. फक्त मापात एक गोम आहे. या कंपनीची मापं १२९, १३९, १४९ अशी असतात, परफॉर्मन्स डिझाइन्सची १२०, १३५, १५०. शिवाय क्षेत्रफळ मोजण्याची पद्धत दर कंपनीची निराळी. त्यामुळे एका कंपनीची १४९ आणि दुसरीची १५० एकच, असं गृहीत धरू नये.

पायलट. याच नावाची एरोडाइनची कॅनोपी, उघडायला अप्रतिम, रोजच्या उड्यांसाठी उत्तम. डाइव्हमधून लवकर सपाट होते. आहे ती वापरून सरळ डाइव्ह शिकायला हरकत नाही. स्वूपसाठी म्हणून नवी घेऊ नये.

स्टिलेटो. जुन्या बाजारात कवडीमोल भावात दिसते आणि मोह होतो. पूर्ण एलिप्टिकल (टोकांकडे लंबवर्तुळासारखी निमुळती), टॉगलला बोट लागलं तरी वळते, आर्क छोटा, फ्रंट रायझर ताठ. वर सांगितलेल्या छोट्या आर्कच्या सगळ्या अडचणी हिच्यात एकवटल्या आहेत. टाळावी.

क्रॉसफायर ३. सफायर ३ ची मोठी बहीण. एलिप्टिकल, डाइव्ह लांब, फ्लेअर दमदार, हार्नेसला तात्काळ प्रतिसाद. ९० अंशांची वळणं दर वेळी त्याच उंचीवर सुरू होऊन त्याच जागी संपू लागली की या कॅनोपीकडे वळावं, आणि वळताना माप तेच ठेवावं. सफायर ३ ची १४९ असेल तर क्रॉसफायर ३ ची १४९. नवा प्रकार आणि लहान माप एकाच वेळी घेणं ही या छंदातली सर्वांत महागडी चूक आहे. पावती हाडवैद्याकडून मिळते.

कटाना. परफॉर्मन्स डिझाइन्सची, नऊ सेलची, पूर्ण एलिप्टिकल. फ्रंट रायझर इतके हलके की खोल डाइव्हमध्येही हाताला फारसा ताण जाणवत नाही, आणि आर्क या यादीत सगळ्यांत मोठा. पुढे क्रॉसब्रेस कॅनोपीकडे (आत तिरक्या कापडी आधारांनी ताठ केलेल्या, अतिवेगवान प्रकाराकडे) जायचं असेल तर हिच्यासारखी शाळा नाही. अडचणही तीच: सेबर ३ हात जड करून जे थांबवते, ते कटाना थांबवत नाही. उघडताना खांदे वाकडे राहिले तर दोऱ्यांना पीळ बसतो आणि एलिप्टिकल असल्यानं ती जोरात गरगरू लागते. उंची झपाट्यानं जाते आणि कटअवेचा (मुख्य कॅनोपी सोडून देऊन राखीव उघडण्याचा) निर्णय लवकर घ्यावा लागतो. पहिली स्वूप कॅनोपी म्हणून नको. दुसरी किंवा तिसरी म्हणून उत्कृष्ट.

क्रॉसब्रेस प्रकाराबद्दल एकच वाक्य पुरे: लोडिंग दोनच्या आसपास गेल्यावर त्या खऱ्या खुलतात, म्हणून शिकणाऱ्यानं त्यांच्या किमतीही विचारू नयेत.

कॅनोपी कोणतीही घ्या, पहिल्याच उडीत ब्रेकच्या दोऱ्या तपासा. ही गोष्ट बहुतेकांकडून सुटते. टॉगल हातात ठेवूनच फ्रंट रायझर धरायचे असतात. टॉगल सोडून डाइव्ह करणं म्हणजे सुटकेचा मार्ग स्वतः बंद करणं. पण हात रायझरबरोबर खाली आला की टॉगलही तेवढाच ओढला जातो. ब्रेकच्या दोऱ्यांत पुरेसा सैलपणा नसेल तर कॅनोपीची मागची कड खाली दुमडते. मग पुढून डाइव्ह आणि मागून ब्रेक अशी ओढाताण सुरू होते, कॅनोपी थरथरते, उसळते, आणि पायलटला वाटतं कॅनोपीच खराब आहे. टॉगल वर असताना ब्रेकच्या दोऱ्या मागे धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसल्या पाहिजेत. तशा नसतील तर रिगरकडून (पॅराशूटची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून) काही इंच वाढवून घ्याव्यात. याची किंमतही आहे: फ्लेअर खालून सुरू होतो, आणि हात आखूड असतील तर शेवटचा, सर्वांत कामाचा भाग हाताच्या आवाक्याबाहेर जातो. फ्रंट रायझरवर धरायला लूप हवेतच. कापडाची पट्टी चिमटीत धरून कोणाचीही डाइव्ह स्थिर राहत नाही.

आर्क मोजायचा तो वरच. ५,००० फुटांवरून उडी, लगेच कॅनोपी, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री, आणि सगळं काम २,५०० फुटांच्या वर आटोपायचं. दोन्ही फ्रंट रायझर पाच सेकंद धरा, सोडा, उंची टिपा. वाऱ्याचा आवाज उतरून कॅनोपी सपाट झाली की पुन्हा टिपा. काट्याचं अल्टिमीटर मागे पडतं, म्हणून फ्लायसाइटसारखं जीपीएस यंत्र हेल्मेटवर असेल तर नंतर नोंद तपासता येते. तेच ९० अंशांच्या वळणाचं करा. मिळालेल्या आकड्यात सुरुवातीला किमान १५० फूट मिळवून मगच जमिनीजवळची उंची ठरवायची, तीही कोचसमोर. मागच्या रायझरचा स्टॉल (फार ओढल्यामुळे पंखाचं उडणंच थांबणं) याच उडीत वर अनुभवून घ्या. तो टॉगलच्या स्टॉलसारखी सूचना देत नाही, आणि जमिनीपासून दोन मीटरवर तो पहिल्यांदा भेटला तर माणूस पाठीवर पडतो. वळण खाली गेलंय असं वाटलं तर आधी पंख सपाट करायचा, मग दोन्ही टॉगल सारखे ओढायचे. वळत असतानाच घाबरून एक टॉगल ओढण्यानं होणारे अपघात सर्वांत वाईट असतात.

मोजलेला आकडा त्या दिवसाच्या हवेचा असतो, हे मात्र विसरू नये. हवा विरळ झाली की वेग वाढतो आणि आर्क त्याहून जास्त लांबतो. लोणावळ्याची उंची सुमारे ६२० मीटर. तिथे ३६ अंशांच्या दुपारी हवेची घनता ५,००० फुटांवर असावी तशी होते. समुद्रसपाटीच्या तुलनेत वेग ८ टक्के वाढतो आणि ३०० फुटांचा आर्क जवळपास ३५० चा होतो. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर शिकून कोलोरॅडोत उडायला जाणाऱ्यांना हाच फरक गाठतो.

वापरलेली कॅनोपी घेताना कापडापेक्षा दोऱ्या पाहा. स्पेक्ट्राच्या दोऱ्या स्लायडरच्या (उघडणं मंदावण्यासाठी दोऱ्यांवरून सरकणाऱ्या कापडाच्या) घर्षणानं तापून आकसतात, सगळ्या सारख्या नाहीत; बाहेरच्या आणि ब्रेकच्या जास्त. ट्रिम (दोऱ्यांच्या लांबीचा मेळ) बिघडते, उघडणं वाकडं होतं आणि वर सांगितलेला ब्रेकचा त्रास सुरू होतो. व्हेक्ट्रान आणि एचएमए आकसत नाहीत, पण झिजून अचानक तुटू शकतात, म्हणून त्यांच्या उड्यांची नोंद विक्रेत्याकडून लेखी घ्या. रिगरला कंपनीच्या तक्त्याप्रमाणे दोऱ्या मोजायला सांगा आणि स्लायडरच्या धातूच्या कड्यांवर चरे नाहीत ना, हे बोट फिरवून पाहा. नव्या दोऱ्यांचा खर्च आधीच किमतीतून वजा करून बोली लावावी.

सोबतच्या दोन गोष्टी. एएडी (खाली आल्यावरही वेग जास्त असेल तर राखीव कॅनोपी आपोआप उघडणारं यंत्र) विद्यार्थ्यांसाठीचा असेल तर तो बदलाच: सायप्रेस या एएडीचा विद्यार्थी प्रकार १३ मीटर प्रतिसेकंद वेगाला चालू होतो आणि साधी डाइव्हसुद्धा तो वेग ओलांडते. एक्स्पर्ट प्रकाराची मर्यादा ३५ आहे, या टप्प्याला ती पुरते. ४६ मीटर प्रतिसेकंदाचा स्पीड प्रकार मोठी वळणं सुरू झाल्यावर लागतो. दुसरी गोष्ट कंटेनरची, म्हणजे कॅनोपी घडी करून ठेवायच्या पाठीवरच्या पिशवीची. १७० साठी शिवलेल्या कंटेनरमध्ये १३५ कोंबता येते, पण पिशवी बंद ठेवणारा लूप सैल राहतो आणि पिन वेळेआधी निसटण्याचा धोका वाढतो. एका मापाचा फरक लूप आखूड करून निभावतो, दोन मापांचा नाही. आणि मुख्य कॅनोपी लहान केली म्हणून राखीवही लहान घेऊ नये. बेशुद्ध अवस्थेत तिच्याखालीच उतरावं लागू शकतं.